दोनशे त्र्याहत्तर गुणिले एकशे त्र्याऐंशी

बालाजी,

तुझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरचा पासवर्ड वैशालीला ठाऊक नव्हता. मी दुसऱ्या प्रयत्नात ओळखला. आधी ओवीची जन्मतारीख टाकून पाहिली, ती नव्हती. मग २७३१८३ टाकलं आणि स्क्रीन उघडली. दोनशे त्र्याहत्तर गुणिले एकशे त्र्याऐंशी मिलिमीटर. डीव्हीडीच्या डबीवर बसणाऱ्या कव्हरचं माप. डीव्हीडी कधीच्या गेल्या. नांदेडच्या वजिराबादमधल्या तुझ्या दुकानात आता फ्लेक्स होतात आणि लग्नाचे जाडजूड अल्बम होतात. तरी तू रोज सकाळी शटर वर केल्यावर ते जुनं माप टाकून कामाला बसायचास. हे मला तू गेल्यावर अकराव्या दिवशी कळलं.

कॉम्प्युटर उघडायची वेळ आली ती फोटोसाठी. तेराव्याला पाटावर ठेवायला तुझा फोटो पाहिजे होता आणि घरात तुझा एक धड फोटो नव्हता. वैशालीनं दोन्ही कपाटं उपसली. शेवटी पलंगावर बसून म्हणाली, "अक्का, जगाचे फोटो काढले ह्यांनी. नायगाव, उमरी, धर्माबाद, एक लगीन सोडलं न्हाई. आन् स्वतःचा एक न्हाई बघा." तुमच्या लग्नातला होता, पण त्यात तुझ्या तोंडावर मुंडावळ्या आल्या आहेत. आधार कार्डावरचा होता. तो ओवीनं हातात घेतला, नीट पाहिला आणि परत दिला. "हे बाबा न्हाईत," म्हणाली. सहा वर्षांची आहे. तिचं बरोबर होतं.

शेवटी 'टेस्ट' नावाच्या फोल्डरमध्ये सापडलास. लग्नघरी उजेड तपासायला तू स्वतःचाच एखादा फोटो काढायचास, हनुवटीखाली पांढरा कागद धरून. असे एकवीस निघाले. एकविसांतल्या एकातही तू कॅमेऱ्याकडे बघत नाहीस, कॅमेऱ्याच्या वर कुठंतरी बघतोस, ढग आले का ते बघितल्यासारखा. त्यातला एक मी निवडला आणि कागद कापून काढला. कडेकडेनं निवड केली, कड दोन पिक्सेल मऊ केली, मागं साधा राखाडी रंग भरला. तू शिकवलंस तसंच. तरी हनुवटीच्या खाली कागदाचा थोडा उजेड राहिला, तो मला काढता आला नाही. पाहुणे म्हणाले, फोटो छान आहे, चेहऱ्यावर तेज आहे.

आज अठरावा दिवस. उद्या मला लातूरला परत जायचं आहे, मी शिकवते त्या क्लासमधून एवढीच सुट्टी मिळाली. जायच्या आधी तुझ्याशी एक बोलायचं राहिलं आहे. ते आजवर सोळा वर्षं राहिलं.

तू मला हे काम शिकवलंस त्याचं पहिलं कारण आठवतं का? तेव्हा लातुरात क्लासची नुसती झुंबड होती. गल्लीगल्लीत पाट्या, घरोघरी वरच्या मजल्यावर पोरांच्या खोल्या, संध्याकाळी मेसपुढं ताटं घेऊन रांगा. आमच्या क्लासच्या सरांच्या डोक्यात आलं की ज्या पोरांना लातूरला खोली करून राहणं जमत नाही त्यांच्यासाठी माझे भूमितीचे तास डीव्हीडीवर काढायचे. तास काढून झाले. कव्हर राहिलं. मी तुला फोन केला, तर तू म्हणालास, "मी न्हाई करणार. तू कर, मी शिकवतो."

"मला काय येतंय त्यातलं?"

"भूमिती शिकवतीस ना? मग येतंय. आन् दहावीला गणितात पास व्हायला तू मला किती रडवलंस ते इसरलो न्हाई मी. आता माझी पाळी."

दुकान टाकून तुला तेव्हा वर्षच झालं होतं. एकविशीतला पोरगा, पण खुर्चीत बसलास की कसा वयस्कर वाटायचास. मी दर रविवारी सकाळच्या एस.टी.नं नांदेडला यायची. तू मला तुझ्या खुर्चीत बसवलंस आणि स्वतः स्टुलावर बसलास. स्वतः माऊसला हात लावायचा नाही असा तुझा नियम. "तू करून दाखव," असं मी म्हटलं तर म्हणायचास, "बघून येत असतं तर मला त्रिकोणमिती आली नसती का?"

पहिल्या दिवशी तू नवी फाईल उघडायला लावलीस आणि मापं सांगितलीस. मागची बाजू एकशे एकोणतीस पूर्णांक पाच, मधली पट्टी चौदा, पुढची बाजू पुन्हा एकशे एकोणतीस पूर्णांक पाच. मी सवयीनं बेरीज केली. दोनशे त्र्याहत्तर.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

"बरोबर असतीच, अक्का. डबी कारखान्यातून येती. तू तपासायलीस होय?"

तपासायलाच लागतं मला. तुला माहीत आहे.

मग गाइड ओढायला शिकवलंस, त्या निळ्या रेघा, ज्या छापून येत नाहीत पण ज्यांच्यावाचून काही सरळ बसत नाही. चहूबाजूंनी तीन तीन मिलिमीटर जास्त घ्यायला शिकवलंस, कापणाऱ्याचा हात हलला तर पांढरी कड दिसू नये म्हणून. लेयर मला लवकर समजेना. तेव्हा तू माझ्या पर्समधून वर्गात प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शक शीटा काढल्यास. एकीवर वर्तुळ होतं, दुसरीवर स्पर्शिका, तिसरीवर नावं. एकावर एक ठेवल्यास. मधली ओढून काढलीस. "स्पर्शिका गेली, वर्तुळाला काही झालं का? न्हाई ना? हे लेयर." इतकं सोपं मलाही कुणी भूमितीत सांगितलं नव्हतं. मी पुढं वर्गात तेच वापरलं आणि तुझं नाव घेतलं नाही.

आणि एक सांगितलंस ते मी वहीत लिहून घेतलं. मी इंटरनेटवरून एक बारकं चित्र घेऊन ते ओढून ओढून पानभर केलं होतं. तू म्हणालास, "मोठं केल्यानं नवं काही दिसत न्हाई अक्का. जेवढं हाय तेवढंच फुगतं. इंचात तीनशे ठिपके पाहिजेत, ते मुळात असावे लागतात. नसले तर सॉफ्टवेअर आपल्या मनानं भरतं, आन् ते खोटं असतं." वहीतलं हे वाक्य नंतर मी तुझ्यावरच उलटवलं. त्याचा पश्चात्ताप मला आहे.

पण आधी त्या शंभर कव्हरांचं. चौथ्या रविवारी माझं कव्हर तयार झालं. पुढच्या बाजूला माझा फोटो, पायथागोरसची आकृती, मोठ्या अक्षरांत 'भूमिती'. मागच्या बाजूला धड्यांची यादी. तू म्हणालास, एक साध्या कागदावर काढून डबीला गुंडाळून बघ. मी म्हणाले, गरज नाही, मी सगळं मोजलं आहे. तू नुसता हसलास आणि छापायला दिलंस. तू थांबवायला हवं होतंस. थांबवलं नाहीस, कारण तुला मला एकदा तरी चुकलेली बघायचं होतं. हे तू नंतर कबूल केलंस.

मी पुढची बाजू डावीकडे घेतली होती. कागद पसरला तर डावीकडून वाचायला सुरुवात करायची, म्हणून पुढचं डावीकडे. डबीला गुंडाळल्यावर माझा चेहरा मागं गेला आणि धड्यांची यादी पुढं आली. सरांनी डबी हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाले, "मॅडम, हे उर्दू पुस्तकासारखं उघडतंय." स्टाफरूममधले सगळे हसले. मी तिथूनच तुला फोन लावला. तू इतका हसलास की तुझ्या दुकानातलं गिऱ्हाईक काय झालं म्हणून विचारायला लागलं.

"मापं बरोबर होती ना?" तू विचारलंस.

"बरोबर होती."

"मग बस. मापं बरोबर आन् तोंड मागं."

तुझा मोठा गमतीचा विषय झाला तो. प्रत्येक राखीपौर्णिमेला तू मला विचारायचास, "अक्का, राखी कोणत्या बाजूनं बांधणार, पुढून का मागून?" शंभर कव्हरांच्या कोऱ्या बाजूवर मी दोन वर्षं उदाहरणं सोडवली. अजून सात शिल्लक आहेत.

त्याच रविवारांतल्या एका दिवशी तू ड्रॉवरमधून लिफाफा काढलास. आत मामाच्या लग्नातला फोटो होता, मामीच्या अल्बममधला. मला माहीत होतं त्यात काय आहे.

हे आता तुझ्यासाठी नाही लिहीत, ओवीसाठी लिहिते, मोठी झाली की वाचेल. भूकंप झाला तेव्हा तुझे बाबा सहा वर्षांचे होते, बाळ, आणि मी सतरा. मी लातूरला मामाकडे राहून अकरावी शिकत होते. बाबांचा कान फुटला होता, म्हणून आईनं त्यांना आठ दिवसांसाठी डॉक्टरला दाखवायला माझ्याकडं पाठवलं होतं. सहाव्या दिवशी गाव राहिलं नाही. आई आणि दादा, म्हणजे आमचे वडील, दोघंही घरातच होते. घर दगडमातीचं होतं. त्याच्यापुढं लिहिण्यासारखं काही नाही.

दादा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. कचेरीतल्या कागदांवर त्यांचा फोटो मिळाला, तो मोठा करून मामानं लावला. आईचा फोटो कुठल्या कचेरीत असणार? तिला कुणी कधी फोटो मागितला नव्हता. पितृपक्षात मामी पाटावर दादांचा फोटो ठेवायची आणि त्याच्या शेजारी विड्याच्या पानावर आईसाठी सुपारी. पहिल्याच वर्षी, बालाजी, तू तिथं उकिडवा बसून बराच वेळ बघत होतास. मग मला विचारलंस, "अक्का, आई एवढीच होती का?" मामी उठून आत गेली. मी तुला म्हणाले, "नाही, माझ्याएवढी होती." तू माझ्याकडं पायापासून डोक्यापर्यंत बघितलंस आणि समाधानानं मान हलवलीस.

मामाच्या लग्नातल्या त्या फोटोत तेवीस माणसं आहेत. आई मागच्या रांगेत उजव्या टोकाला आहे. तिच्या पुढं नवरीकडचा एक उंच पाहुणा फेटा बांधून उभा आहे आणि त्या फेट्यानं आईचा अर्धा चेहरा झाकला आहे. तिची उजवी बाजू दिसते. एक डोळा, अर्धं नाक, अर्धं कुंकू. छापलेल्या फोटोत तिच्या चेहऱ्याची रुंदी सहा मिलिमीटर. त्यातले तीन दिसतात.

तो फोटो तू इंचाला बाराशे ठिपक्यांवर स्कॅन केला होतास. पूर्ण चेहरा दोनशे त्र्याऐंशी पिक्सेलचा झाला असता. तू माऊस माझ्या हातून घेतलास, नियम मोडून, आणि म्हणालास, "बघ हं." दिसणारा अर्धा भाग वेगळ्या लेयरवर उचललास, आडवा उलटवलास आणि फेट्यावर आणून बसवलास. फेटा गेला. एक बाई आमच्याकडं बघायला लागली.

तू मान वळवून माझ्याकडं बघत राहिलास.

"ही आई नाही," मी म्हणाले.

"मग कशी होती?"

"अशी नव्हती. कुणाचाच चेहरा दोन्हीकडून सारखा नसतो. आईच्या डाव्या भुवईवर व्रण होता. ह्याच्यात कुठाय? तूच सांगितलंस ना, नसलेले ठिपके भरले की खोटं होतं."

"मग तू सांग ना. तू सांगशील तसं करतो. नाक जरा इकडं, गाल जरा तिकडं. लोकांचं करतो की मी रोज. धर्माबादच्या एका नवरदेवाला त्याच्या वारलेल्या बापाशेजारी उभं केलंय."

"आईचं खोटं चित्र करून पूजेत ठेवायचं का?"

"सुपारी खरी हाय का मग?"

मी पर्स उचलली. तू दारापर्यंत आलास. तिथं जे म्हणालास ते मला शब्दनशब्द पाठ आहे. "तुला आठवती म्हणून तुला गरज न्हाई, अक्का. तुझ्याकडं हाय ती. माझ्याकडं न्हाई."

मी म्हणाले, "हो. मला लख्ख आठवते." आणि बस पकडली.

त्यानंतर दोन महिने आपण बोललो नाही. मग सरांनी डीव्हीडीचा दुसरा संच काढायचं ठरवलं आणि मला निमित्त मिळालं. मी आले तेव्हा तू काही झालंच नाही असा वागलास. चहा सांगितलास, डबी पुढं ठेवून म्हणालास, "पुढचं कुठं?" मी उजव्या बाजूवर बोट ठेवलं. "शिकली माझी बहीण," म्हणालास. दुसऱ्या संचासाठी नवा फोटो पाहिजे म्हणून मला खिडकीपाशी उभं केलंस. चाळीस तरी काढलेस. शेवटी म्हणालास, "आता पदर घे डोक्यावर. एक असाच घेऊ."

"भूमितीच्या कव्हरवर डोक्यावर पदर कशाला?"

"घे की. सगळ्यात तक्रार. हसू नको. सरळ बघ माझ्याकडं."

मी बघितलं. तो फोटो कव्हरवर आला नाही आणि मीही विचारलं नाही. मला वाटलं तू भांडण मिटवलंस. मला एवढं बरं वाटलं होतं की परतीच्या बसमध्ये मी शेजारच्या बाईला डबी काढून दाखवली.

आईचा विषय तू पुन्हा काढला नाहीस. सोळा वर्षं नाही. ओवी झाली, डीव्हीडी गेल्या, माझे केस पांढरे झाले. मग दोन महिन्यांपूर्वी भर दुपारी तुझा फोन आला. मी पेपर तपासत होते.

"अक्का, तो आईचा व्रण नक्की कुठं होता गं?"

मी म्हणाले, "का रे?"

"असंच. ओवी विचारून राहिली, आजी कशी होती म्हणून."

"पुढच्या खेपेला आले की सांगते. आता पेपर आहेत."

"हाव. सावकाश ये," म्हणालास.

मी सावकाश आले, बालाजी.

तुझ्या 'टेस्ट' फोल्डरच्या वर एक 'अक्का' नावाचा फोल्डर होता. अकराव्या दिवशी मी तो उघडला. आत माझी जुनी कव्हरं होती, चुकलेलंही जपून ठेवलेलं, आणि एक फाईल होती, तिचं नाव नुसतं 'आई'. ती उघडायला कॉम्प्युटरनं बराच वेळ घेतला. चार लेयर होते. तू नावं देऊन ठेवली होतीस. मला तू हे पहिल्या महिन्यातच शिकवलं होतंस, लेयरला नाव दिलं नाही तर नंतर आपलंच काम आपल्याला ओळखू येत नाही.

सगळ्यात खाली 'फोटो'. त्याच्यावर 'उलटवलेली बाजू, अक्का नको म्हणाली'. तो बंद करून ठेवला होतास, पुसला नव्हतास. त्याच्यावर 'अक्काची डावी बाजू'. सगळ्यात वर 'व्रण, अक्का सांगेल तेव्हा'. हा वरचा लेयर चालू होता आणि रिकामा होता.

फेट्याच्या जागी तू मला बसवलं होतंस. डोक्यावर पदर घेतलेली, न हसणारी. तू माझ्या डोळ्याखालचं काळं थोडं उजळलं आहेस, माझ्या गालावरचा तीळ काढला आहेस, जुन्या फोटोतला बारीक खरखरीत दाणा माझ्या बाजूवरही पसरला आहेस. नाकाच्या मधोमध जोड आहे. तो शोधायला मी फोटो मोठा मोठा करून पाहिला. सापडला नाही. मग बसून हिशोब केला. मामाच्या लग्नात आई अंदाजे तेहतीस वर्षांची होती. तू खिडकीपाशी माझा तो फोटो काढलास तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते. म्हणजे तू हिशोब करून थांबला होतास. गणितात जेमतेम पास झालेला माझा भाऊ.

आता जे सांगायचं ते सांगते.

मला आईचा चेहरा आठवत नव्हता. भांडण झालं त्या दिवशीही नाही, त्याच्या आधी कितीतरी वर्षं नाही. सतरा वर्षं जिच्याजवळ राहिले तिचा चेहरा मला आठवत नाही, हे सांगायची मला लाज वाटत होती. पहिली काही वर्षं होता. मग कधी गेला ते कळलं नाही. तिचे हात आठवतात, पीठ मळताना बांगड्या कोपराकडे सारायची ते आठवतं. आवाज आठवतो. चेहऱ्यापाशी आलं की काही नसतं. तू लहानपणी विचारायचास आणि मी "लख्ख आठवते" म्हणायचे. घरात कुणाकडं तरी ती आहे असं तुला वाटावं म्हणून म्हणायचे. नंतर ते मागं घेता आलं नाही.

तू ती उलटवलेली बाजू बसवलीस आणि एक बाई आपल्याकडं बघायला लागली तेव्हा ती आई नाही हे मला कळलं, असं नव्हतं. मला ओळखताच आली नाही. ती आहे की नाही, मला कळलंच नाही. म्हणून मी नाही म्हणाले. खरं-खोटं, ठिपके, सगळं मी त्या भीतीच्या पुढं उभं केलं, त्या फेटेवाल्या पाहुण्यासारखं. आणि तू सोळा वर्षं माझ्या होकारासाठी एक लेयर रिकामा ठेवलास. माझ्याकडं जे नव्हतंच ते मी देईन म्हणून.

त्या दुपारी पेपर बाजूला सारून मी एवढंच म्हणायला हवं होतं, "बालाजी, मलाही आठवत नाही रे." तू काय म्हणाला असतास मला माहीत आहे. "मग बस. दोघंबी सारखेच."

पण व्रण मला ठाऊक आहे. तेवढा एकच मला खात्रीनं ठाऊक आहे, कारण तो माझ्या हातून झाला. मी चार वर्षांची होते. दगडी पाटी गरागरा फिरवत होते आणि आई वाकली. पाटीचा कोपरा लागला. दादांना ती म्हणाली, दाराची चौकट लागली. मला त्याचं फार वाटायचं. पुढं दोन-तीन वर्षं आई चुलीपुढं बसली की मी जाऊन तिच्या डाव्या भुवईच्या बाहेरच्या टोकापासून आत दोन बोटं टेकवायची. दोन बोटं संपली की व्रण सुरू. तो गेला का ते मी बघायची. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "मोजलंस का? हाय ना जाग्यावर?"

हेच तुला फोनवर सांगायचं होतं. अर्धा मिनिट लागला असता.

काल दुपारी मी तुझ्या खुर्चीत बसले. ओवी तू बसायचास त्या स्टुलावर बसली. अडचण अशी होती की ती दोन बोटं सहा वर्षांच्या मुलीची होती आणि माझी आता एकोणपन्नास वर्षांची आहेत. मी ओवीचा हात घेतला आणि पट्टीवर तिची दोन बोटं ठेवली. तेवीस मिलिमीटर.

"आत्या, माझी बोटं कशाला मोजायलीस?"

"एका बाईला एक खूण काढायची आहे. ती कुठं काढायची ते तुझ्या बोटांवरून कळतं."

तिनं स्क्रीनकडं पाहिलं. "ही तूच हैस की."

"अर्धी," मी म्हणाले. "दुसरी अर्धी तुझी आजी."

"कोणती अर्धी?"

मी जोड दाखवायला गेले. मला सापडेना.

आईच्या चेहऱ्याची खरी रुंदी मला माहीत नाही, म्हणून माझी धरली, एकशे तीस. तेवीस भागिले एकशे तीस, गुणिले दोनशे त्र्याऐंशी. पन्नास पिक्सेल. भुवईच्या टोकापासून पन्नास पिक्सेल आत मी एक निळी गाइड ओढली. व्रण गव्हाच्या दाण्याएवढा होता, सात मिलिमीटर धरला, म्हणजे पंधरा पिक्सेल. तुझ्या रिकाम्या लेयरवर बारीक ब्रश घेऊन काढला. पहिल्यांदा फार ठळक आला, पुसला. दुसऱ्यांदा आडवा आला. तिसऱ्यांदा राहू दिला. लेयरचं नाव तू ठेवलंस तेच ठेवलं आहे.

ओवीनं विचारलं, "दुखलं असंल ना तिला?" मी म्हणाले, "हो. पण तिनं सांगितलं नाही."

मग तुझ्या मापाचं कव्हर केलं. पुढं, म्हणजे उजवीकडे, आई. मागं, म्हणजे डावीकडे, तू, हनुवटीखाली कागदाचा उजेड असलेला. मधली चौदाची पट्टी कोरी आहे, तिच्यावर काय लिहायचं ते सुचलं नाही. ह्या वेळी साध्या कागदावर आधी एक काढलं आणि डबीला गुंडाळून पाहिलं. पुढचं पुढं आहे.

ही आई आहे का, बालाजी, हे मला माहीत नाही. तेव्हाही नव्हतं. तुला हे पहिल्यांदाच लिहून देते. व्रण मात्र जागेवर आहे. मोजला आहे.